होडीखालचं पाणी

सुहास मुळे पुण्याहून येताना दोन मोठे स्पीकर घेऊन आला होता, आणि लहान मुलांना बसवावं तसे त्यानं ते गाडीच्या मागच्या सीटवर पट्टे लावून बसवले होते. राहुरीत डॅनीच्या दारात गाडी थांबली तेव्हा रविवारची उपासना नुकती सुटली होती. डॅनीची थोरली बहीण रोझी चर्चहून येऊन अंगणातच उभी होती. हातात बायबल, पायात चपला तशाच. ती त्या स्पीकरांकडं बघत राहिली. गेली दोन वर्षं ही सगळी नुसती बातमी होती. फोनवर ऐकलेली, प्रार्थनाच्या मोबाईलवर पाहिलेली. आज ती दारात येऊन उभी राहिली होती.

"आत्या, उन्हात का उभी? आत चल," प्रार्थना म्हणाली.

"येते. त्यांना आधी सामान नेऊ दे."

खरं तर तिला जरा वेळ हवा होता. एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात तिनं पुष्कळ पाहिलं होतं. नगरला मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं काढली होती, शेवटची नऊ मेट्रन म्हणून. माणसं जन्मताना पाहिली, जाताना पाहिली. पण आपल्या बापाचं स्वतःचं संगीत तिनं कधी ऐकलं नव्हतं. घरात कुणीच ऐकलं नव्हतं. आमोस हिवाळे स्वतः ते न ऐकताच गेले, त्यालाही आता त्रेचाळीस वर्षं होऊन गेली.

नगरमध्ये आमोस मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेतले गाण्याचे मास्तर. भर उन्हाळ्यात काळा कोट घालणारे, नाताळात पोरांकडून चार आवाजांत गाणी बसवून घेणारे. त्याआधीची वीस वर्षं ते पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत होते, हे लोकांना ऐकून माहीत होतं. पडद्यावर वादळ आलं, आगगाडी सुटली, कुणाची आई गेली, की मागं जे वाजतं ते लिहिणं हे त्यांचं काम. त्यांचं नाव बहुधा यायचंच नाही. आणि उरलेल्या वेळात ते स्वतःचं लिहीत. लहानपणी मिशनच्या मडमबाईंनी त्यांना ऑर्गन शिकवला होता आणि युरोपातल्या मोठमोठ्या संगीतकारांच्या जाडजूड वह्या वाचायला दिल्या होत्या. ते वेड त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. ऐंशी वादकांनी एकत्र बसून वाजवायचं, भरून आलेलं, थोरलं संगीत. तिकडं ते तोवर जुनं होऊन गेलं होतं आणि इकडं कधी आलंच नव्हतं. त्यामुळे आमोस मास्तरांचे कागद पत्र्याच्या पेटीत गेले आणि पेटी माळ्यावर.

दोन वर्षांपूर्वी डॅनीची मुलगी प्रार्थना हिनं ती पेटी खाली काढली. कागदांचे फोटो काढून सुहासला पाठवले. सुहास पुण्यात पाश्चात्त्य संगीत शिकवतो आणि जुन्या स्टुडिओंतल्या विसरलेल्या वादकांचा माग काढत हिंडतो. त्यानं ते फोटो पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो राहुरीच्या स्टँडवर उतरला. पुढं कागद कुठून कुठं गेले, कुणीकुणी ते वाचले, हे रोझीला नीटसं कळलं नव्हतं. एवढं कळलं, की गेल्या सप्टेंबरात युरोपातल्या एका गावी ऐंशी वादकांनी चार दिवस बसून आमोस हिवाळ्यांचा 'पाट' वाजवला आणि ध्वनिमुद्रित केला. अडतीस मिनिटांची रचना. आता तिकडच्या मासिकांतून लोक विचारत होते, हा माणूस इतकी वर्षं होता कुठं.

आत गेल्यावर रोझीला पहिल्यांदा दिसलं ते भिंतीवरचं कात्रण. डॅनीनं चौकटीत घालून ते येशूच्या तसबिरीखाली लावलं होतं. नगरच्या पेपरात गेल्या महिन्यात आलं होतं ते: 'होडीच्या गाण्याचा खरा धनी नगरचा!' खाली डॅनीचा फोटो, इस्त्रीच्या शर्टात.

"बघितलंस ना ताई?" डॅनी मागून म्हणाला. "अख्ख्या राहुरीनं बघितलं. कारखान्यातले जुने लोक घरी येऊन गेले."

चपला काढायच्या राहिल्याचं तिच्या आता लक्षात आलं, म्हणून ती परत दाराशी गेली.

स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. जेवणाआधी ऐकायचं ठरलं होतं. सुहासनं वायरी जोडल्या, खुर्च्या मागंपुढं करवल्या, पंखा बंद करवला. मग रोझीच्या समोर स्टूल ओढून बसला.

"रोझीताई, आधी एक काम उरकून घेऊ का? सीडीबरोबर पुस्तिका जाणार आहे. मजकूर उद्या सकाळी पाठवायचाय. सगळं झालंय, फक्त होडीच्या गाण्याचा परिच्छेद अडलाय. डॅनीकाका सांगतात ते छापायचं, तर आणखी एक साक्ष हवी. त्या वेळी घरात असलेल्या, कळत्या वयाच्या अशा तुम्ही एकट्याच आता आहात."

होडीचं गाणं महाराष्ट्रात माहीत नाही असं घर नसेल. पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटातलं, पण अजून लग्नाच्या बँडवर वाजतं, लोकांच्या मोबाईलवर वाजतं. संगीतकार म्हणून नाव मास्टर राधाकृष्ण यांचं. हिवाळ्यांच्या घरात मात्र मुलं बोलायला लागली, की त्यांना सांगितलं जाई: ती चाल आपल्या घरातली, त्या माणसानं ती लाटली. डॅनी हेच ऐकत वाढला आणि त्यानं हेच प्रार्थनाला सांगितलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची साखर मोजता मोजता रेडिओवर ते गाणं लागलं, की डॅनी उठून रेडिओ बंद करायचा. सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं.

"सांग ताई," डॅनी म्हणाला. "आई काय म्हणायची ते सांग त्यांना."

"आई म्हणायची," रोझी म्हणाली. "पपा कधी म्हणाले नाहीत."

"पपा कशाला म्हणतील? त्यांचा स्वभावच नव्हता तो."

"डॅनी, बस जरा."

"मी बसलोय की."

रोझीनं पदर सारखा केला. हे आज बोलावं लागेल हे तिला नगरहून एसटीत बसतानाच माहीत होतं. तरी तिला वाटलं होतं, आधी संगीत होईल, मग जेवणं होतील, मग बघू.

"ती चाल राधाकृष्णांची आहे," ती म्हणाली. "पोस्टानं आली होती. मी तेरा वर्षांची होते. पपांना मुंबई सोडून तीन-चार वर्षं झाली होती, पण कामं पोस्टानं यायची. राधाकृष्णांना इंग्रजी स्वरलिपी येत नव्हती. त्यांनी पेन्सिलीनं सारेगम लिहून पाठवलं होतं, खाली शब्द. मी तो कागद हातात धरलाय. पपांनी त्याच्याखाली व्हायोलिनं घातली, चेलो घातले, बासरी घातली. मग मी त्याच्या नकला केल्या. प्रत्येक वादकासाठी वेगळी, हातानं उतरवून."

"आई खोटं बोलायची म्हणजे?" डॅनीचा आवाज चढला नाही. उतरला, आणि ते जास्त वाईट होतं.

"आई दुखावलेली होती. ते गाणं गाजलं तेव्हा आपल्या घरात कुणी पेढाही आणला नाही. तिला वाटलं, माझ्या नवऱ्याचं काहीतरी त्यात आहे आणि कुणी विचारत नाही. ते खरंच होतं. मी पपांना विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, 'चाल त्याची. मी त्याच्या होडीखाली पाणी घातलं.' एवढंच म्हणाले. आणि हसले."

सुहासनं लिहिता लिहिता हात थांबवला.

"आजच कशाला, आत्या?" प्रार्थना म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. आतापर्यंत प्रत्येक गोष्टीत ती आत्याच्या बाजूची असायची, पण आता ती उठून वडिलांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. "पेपरात आलंय ते. लोक काय म्हणतील पप्पांना? आणि आजोबांचं नाव लोकांपर्यंत जाणार ते त्या गाण्यामुळेच. अडतीस मिनिटांचं कोण ऐकणारे इथं?"

"विचारलं म्हणून सांगितलं," रोझी म्हणाली.

"ताई खोटं सांगणार नाहीत," असं दारातून कोण म्हणालं, तर डॅनीची बायको इंदू, हातात पळी घेऊन. चाळीस वर्षांच्या संसारात नणंदेची बाजू तिनं चारचौघांत पहिल्यांदाच घेतली असेल. डॅनीनं तिच्याकडं पाहिलं, मग कात्रणाकडं पाहिलं, आणि उठून बाहेर अंगणात गेला.

कुणी त्याच्या मागं गेलं नाही. तेवढ्यात फाटकातून गहिनीनाथ आला. डॅनीचा शेजारी आणि नगरच्या शाळेपासूनचा मित्र, कालव्याकडेच्या मळ्यात ऊस आणि जनावरांसाठी घास करणारा. डॅनीला पेरूच्या झाडाखाली एकटं उभं पाहून तो जरा घुटमळला आणि मग टोपी सारखी करत आत आला.

"डॅनीभाऊ बाहीर का उभा हाय? म्या उशीर क्येला का? मला म्हन्ले ऑर्केस्ट्रा हाय, पर गानारं कुनी दिसत न्हाई."

"गाणारे नाहीत, काका. नुसती वाद्यं," प्रार्थना म्हणाली.

"बरं. आसू द्या. बसतो मी हितं." तो भिंतीला टेकून खालीच बसला.

सुहासनं रोझीकडं पाहिलं. थांबायचं का, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"लावा," रोझी म्हणाली. "त्याला बाहेर ऐकू जाईल."

सुहासनं बटण दाबलं.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. म्हणजे रोझीला तसं वाटलं. मग तिला कळलं, की फार खाली, ऐकू येण्याच्या काठावर, डबल बासांचा, म्हणजे माणसाएवढ्या व्हायोलिनांचा, एकच सूर चाललाय. कोरडा, लांब, हलत नसलेला. तिचा उजवा हात मांडीवर आपोआप आवळला. हा सूर तिला माहीत होता. कानाला नाही, हाताला. चोवीस मापं, म्हणजे तालाची चोवीस आवर्तनं, एकच स्वर, आणि पपा म्हणाले होते, 'कंटाळू नकोस, प्रत्येक माप लिही, वादकालाही तेवढंच थांबायचंय.'

शाळेतून आलं, की चार वाजता बसायचं. टाक, दौत, पाच-पाच रेघांचे कागद. पपांनी लिहिलेल्या मोठ्या वहीतून प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी उतरवायची. पहिल्या व्हायोलिनची वेगळी, दुसऱ्याची वेगळी, बासरीची, हॉर्नची, नगाऱ्याची. अकराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत. बाहेर मैत्रिणी सागरगोटे खेळायच्या आणि हिच्या बोटांना शाई. नगरात एक व्हायोलिन वाजवणारा धड नव्हता. ऐंशी माणसं कुठून येणार होती? आपला बाप वेडा आहे, हे तिनं बाराव्या वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि तरी अक्षर बिघडू दिलं नव्हतं.

आता व्हायोलिनं आली. एकदम नाही. दोघं, मग चौघं, मग तिला मोजता येईना. ती ओळ तिनं लिहिली होती, पण ती एकटी होती तेव्हा. कागदावर एकटी, कोरडी, काळे ठिपके. तिच्याखाली चेलो असे चढत येतात, बाजूनं क्लॅरिनेट तिला असा हात देतं, हे तिला कधी दिसलं नव्हतं. दिसणारच कसं? ती एका वेळी एकच माणूस लिहीत होती. पपांना मात्र सगळे ऐंशी एकदम ऐकू येत होते. त्या छोट्या खोलीत, मातीच्या जमिनीवर, कंदिलाच्या काचेवर काजळी धरत असताना, त्या एका माणसाच्या डोक्यात हे सगळं असंच्या असं वाजत होतं. आणि शेजारी बसून तिला काहीही ऐकू आलं नव्हतं.



इंदू पळी हातात धरून दारातच उभी राहिली होती. प्रार्थना खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होती. संगीत वाढलं, पुन्हा सुकलं. एक ओबो, सनईच्या जातीचा, एकटाच काहीतरी विचारत राहिला आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मग सगळं थांबल्यासारखं झालं. बासांचा तोच सूर. आणि त्यावर अगदी हळू, व्हायोलिनांची नुसती सळसळ, पाचोळा सरकावा तशी. सळसळीत मधूनच एक थेंब, मग दोन. हॉर्न दुरून आला.

गहिनीनाथ भिंतीपासून पुढं सरकला.

"पानी सोडलं," तो हळूच म्हणाला. मग प्रार्थनाकडं पाहून, जरा शरमून, "न्हाई म्हंजी, कोरड्या पाटाला पयलं पानी आल्यावर आसंच हुतं. आधी आवाज येतो. पाला वाजतो म्होरं म्होरं. पानी मागनं दिसतं."

सुहासनं झटकन त्याच्याकडं पाहिलं. गहिनीनाथला कुणीही रचनेचा अर्थ सांगितलेला नव्हता.

मग ते पाणी आलं. दुसरा शब्द रोझीला नंतरही सापडला नाही. आधी एका बाजूनं, मग दोन्ही बाजूंनी, मग खालून. भांडी कापायला लागली. भिंतीवरची चौकट खिळ्यावर थरथरली. ऐंशी माणसं, ज्यांनी राहुरी कधी पाहिली नव्हती, ज्यांना पाट म्हणजे काय हे कुणीतरी समजावून सांगितलं असेल, ती सगळी जीव तोडून वाजवत होती, की पाणी आलंय, पाणी आलंय. रोझीनं आजोबांना पाहिलं नव्हतं. पण ते भंडारदऱ्याच्या धरणावर आणि मग पाटाच्या कामावर माती वाहत होते, आणि पहिलं पाणी सुटलं तेव्हा लहानग्या आमोसला खांद्यावर घेऊन ते पाण्याच्या पुढं पुढं पळत गेले होते, हे पपांनी तिला एकदाच सांगितलं होतं. तिला ती एक गोष्ट वाटली होती. पळणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून ते कसं दिसलं असेल, ते आता तिच्या समोर होतं.

दार हललं. डॅनी आत आला होता. तो बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, तोंड किंचित उघडं, लहानपणी नाताळचं झाड बघताना उभा राहायचा तसा. एकदा त्याची आणि रोझीची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली, कारण बघायला वेळ नव्हता. ऐकायचं होतं.

शेवट मोठ्या आवाजात नव्हता. पाणी पसरलं, निवलं, आणि व्हायोलिनं एकेक करून थांबत गेली. उरले ते बास, तोच सूर. पण आता तो कोरडा वाटत नव्हता. तोच स्वर, तीच मापं. मग तेही थांबले.

रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली. कुकरची शिट्टी झाली आणि इंदू दचकली, पण जागची हलली नाही.

"लई मोठा मानूस हुता," गहिनीनाथ म्हणाला. "आमी त्यान्ला नुसतं नाताळात पेटी वाजिवताना पाह्यलं."

सुहासनं बॅगेतून एक जाड पाकीट काढलं. "रोझीताई, मूळ वही वाळवीनं निम्मी खाल्ली होती. हे तुम्हाला मुद्दाम फोनवर सांगितलं नव्हतं. जे वाजलं ते तुमच्या नकलांवरून. आम्ही एकेका वाद्याची ओळ जोडत पुन्हा सगळी वही उभी केली. तुमच्या अक्षरात एक चूक सापडली नाही. तिकडच्या वादकांनी मूळ कागद बघायला मागितले होते. दुसऱ्या हॉर्नच्या पानावर मराठीत काहीतरी लिहिलंय, ते काय, म्हणून विचारत होते. 'इथं पाणी येतं, झोपू नकोस.' मी भाषांतर करून दिलं. त्या हॉर्नवाल्यानं ते आपल्या प्रतीवर लिहून घेतलं."

"ते मी माझ्यासाठी लिहिलं होतं," रोझी म्हणाली. "हॉर्नला सत्तर मापं विश्रांती होती. मोजता मोजता डोळा लागायचा."

"आणि हे," सुहास म्हणाला. त्यानं एक पान तिच्या हातात दिलं.

डबल बासचं पान होतं. वरचा निम्मा भाग तिच्या हातचा. ती सतरा वर्षांची असताना नर्सिंगच्या शिक्षणाला मिरजेला गेली, तेव्हा ही शेवटची नक्कल अर्धी राहिली होती. पुरी करून जाते, असं ती म्हणाली नव्हती. ती पळाली होती, खरं तर. सुट्टीत घरी आली तेव्हा टेबल रिकामं होतं आणि पपांनी तो विषय काढला नाही. ते रागावले असं समजून तिनंही काढला नाही. अठरा वर्षं, ते जाईपर्यंत, दोघांपैकी कुणीच नाही.

पानाच्या मधोमध अक्षर बदललं होतं. ठिपके मोठे, रेघा हललेल्या. तेव्हा पपांची नजर जायला लागली होती. आणि जिथं अक्षर बदललं तिथं समासात, बारीक लिहिलेलं:

'रोझी आज मिरजेला गेली. तिचं अक्षर मला काढता येत नाही, पण इथून पुढं तिला आठवून लिहितो. ११ जून १९६३.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा वाचलं. प्रार्थना तिच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली आणि तिनं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आत्या, मघाशी मी बोलले ते—"

"बरोबर बोललीस. बापाच्या बाजूनं बोललीस."

डॅनी अजून दारातच होता. आता तो आत येऊन सुहाससमोर उभा राहिला.

"त्या परिच्छेदाचं काय करणार तुम्ही?"

"तुम्ही म्हणाल ते, काका. नको असेल तर काढून टाकतो."

"काढू नका." बोलणं डॅनीला जड जात होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. "लिहा. होडीच्या गाण्याची चाल मास्टर राधाकृष्ण यांची. वाद्यमेळ आमोस हिवाळे यांचा. आणि ताई काय म्हणाली मघाशी, पाण्याचं, ते जसंच्या तसं घाला."

"आणि पेपर?" प्रार्थनानं विचारलं.

"उद्या नगरला जातो. मी सांगितलं होतं, मीच सांगेन चुकलं म्हणून." तो खुर्चीत बसला. "हे ऐकल्यावर त्या गाण्यासाठी काय भांडायचं?"

सुहासनं लिहून घेतलं. मग वर न बघता विचारलं, "आणि नकला केल्याबद्दल रोझीताईंचं नाव कसं छापू?"

"मोठं छापा," इंदू म्हणाली, आणि लगबगीनं आत गेली, कारण दुसरी शिट्टी झाली होती.

पानं वाढली गेली, पण जेवायला कुणी बसेना. गहिनीनाथला मळ्यावर जायचं होतं, पाण्याची पाळी होती, तरी तो स्पीकरजवळ उकिडवा बसून त्याच्या जाळीत बघत होता. डॅनीनं खुर्ची रोझीजवळ ओढली. तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलला.

"ताई, ते मध्ये नगारे वाजतात ना? पाणी यायच्या आधी. हळू हळू, मग थांबून, मग पुन्हा."

"हो."

"जेवताना पपा टेबलावर तसंच वाजवायचे. बोटांनी. घास हातात तसाच. कुणाकडं बघायचे नाहीत." डॅनी आपल्या हातांकडं बघत होता. "मी सहा-सात वर्षांचा असेन. मला वाटायचं, ते माझ्यावर चिडलेत. मी ताट टाकून पळून जायचो. जन्मभर मला असंच वाटत आलं, की त्यांना मी नको होतो."

रोझीनं त्याच्याकडं पाहिलं. बहात्तर वर्षांचा तिचा धाकटा भाऊ.

"चिडलेले नव्हते ना गं ते?"

"नाही रे."

"मोजत होते."

"हो," रोझी म्हणाली. "मोजत होते."

डॅनीनं मान हलवली. मग सुहासकडं वळून तो म्हणाला, "पुन्हा लावा. सुरुवातीपासून."